उत्सवाचे नाटक आणि चाकरमान्यांची रजा

खोपट या शब्दाचा कोशातला अर्थ झोपडी. ठाण्याच्या खोपटमध्ये आज त्या अर्थाची आठवण देणारे फारसे काही उरलेले नाही. खोपट म्हटले की ठाणेकराच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो एस. टी. चा मोटारतळ, आणि सणासुदीला व मे महिन्यात तेथून कोकणच्या वाटेने निघालेल्या गाड्या. या गाड्यांनी माणसे गावाला जातात, त्यांचे सामानसुमान जाते, परतताना फणस आणि आमसुले येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. या गाड्यांनी, आणि त्यांच्याही आधी किनाऱ्याने जाणाऱ्या बोटींनी, मराठी संगीत नाटक गावोगाव नेले आणि पडत्या काळात ते जगविले, हे मात्र आपण सहसा बोलत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास आपण कसा सांगतो ते पाहा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे भाऊराव कोल्हटकर झाले, देवल, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि खाडिलकर झाले. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त ‘मानापमान’ झाला. नंतर १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांचे दिवे एकामागून एक मालवले. पुढे १९६० च्या सुमारास विद्याधर गोखले, वसंत कानेटकर, जितेंद्र अभिषेकी यांनी ते पुन्हा उजळले. ही कथा खोटी नाही. पण तिच्यात एक मोठी फट आहे. मंडळ्या मोडल्यानंतरच्या पंचवीसतीस वर्षांत हे नाटक होते कुठे? १९६० साली थिएटरात येऊन बसलेल्या प्रेक्षकाला नांदी म्हणजे काय, पद कुठे सुरू व्हावे, ‘वन्समोअर’ केव्हा द्यावा, हे कोणी शिकविले होते? ज्या गवयांनी आणि नटांनी नवी नाटके उभी केली, त्यांच्या कानांवर जुनी पदे लहानपणी कोठे पडली होती?

माझे उत्तर असे आहे. मोठ्या शहरांतल्या काही संस्थांनी हा वारसा सांभाळला हे खरेच. १९४३ चा सांगलीचा शताब्दी उत्सव आणि मुंबई मराठी साहित्य संघाने १९४४ साली भरविलेला नाट्यमहोत्सव यांचे ऋण मोठे आहे. परंतु संगीत नाटकाचा खरा पोशिंदा होता तो कोकणातल्या आणि गोव्यातल्या देवळापुढचा मांडव. आणि त्या मांडवाचा खरा आश्रयदाता होता रजा काढून बायकामुलांसह गावी जाणारा नोकरदार. राजाश्रय गेला, मंडळ्यांचा धंदा बुडाला, तरी कुटुंबाची सुटी उरली. त्या सुटीवर हे नाटक जगले.

यात नवल वाटण्याचे कारण नाही, कारण संगीत नाटकाचा जन्मच मुळी नोकरदारांच्या हौसेतून झाला. किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रचले तेव्हा ते पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. पारशी मंडळीचा ऑपेरा त्यांनी पाहिला, आपल्याकडेही असे का होऊ नये हा विचार मनात घेतला, आणि बाळकोबा नाटेकर, मोरोबा वाघुलीकर अशा गाणाऱ्या सोबत्यांना घेऊन कचेरी सांभाळून तालमी केल्या. धंदेवाईक मंडळी झाली ती नंतर. म्हणजे आधी हौस, मग व्यवसाय, आणि व्यवसाय बुडाल्यावर पुन्हा हौस, असा हा फेरा आहे. हौसेला मोल नाही असे आपण म्हणतो. त्याचा एक अर्थ असाही घ्यावा, की ज्याला मोल नाही त्याचे दिवाळे वाजत नाही.

पण हौशी माणसाला सगळीच नाटके पेलत नाहीत. उत्सवाच्या मांडवात टिकली कोणती, हे पाहण्यासारखे आहे. करुणरसाने ओथंबलेली नाटके तेथे झाली, पौराणिक तर झालीच. परंतु पुन्हा पुन्हा काढली गेली ती ‘सौभद्र’ आणि ‘संशयकल्लोळ’ यांसारखी हसरी नाटके. ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यास झाले आणि पुढल्या वर्षी ते पुरे झाले. कथा महाभारतातली. बलरामाने सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरविले आहे, तिचे मन अर्जुनावर आहे, कृष्ण आतून अर्जुनाला सामील आहे, आणि अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन द्वारकेत येऊन बसतो. नावे देवांची असली तरी घर आपलेच आहे. हट्टी थोरला भाऊ, गालातल्या गालात हसणारा धाकटा भाऊ, रुसणारी वहिनी, लग्नावाचून झुरणारी बहीण आणि घरात उतरलेला बुवा. मांडवात बसलेल्या प्रत्येक कुटुंबात यांतली निम्मी माणसे शेजारीच बसलेली असत.

‘संशयकल्लोळ’ची वंशावळ तर सातासमुद्रांपलीकडची. फ्रान्समध्ये मोलिएरने १६६० साली ‘स्गानारेल’ लिहिले. त्याच्या आधाराने आर्थर मर्फीने १७६१ साली इंग्रजीत एक नाटक रचले. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी प्रथम ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक केले, ते १८९३ साली. पुढे त्यालाच पदे घालून ‘संशयकल्लोळ’ झाले आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती. त्याच वर्षी देवल निवर्तले होते. एक तसबीर हरवते, ती भलत्याच्या हाती लागते, आणि नवरा बायकोवर, बायको नवऱ्यावर, प्रियकर प्रेयसीवर संशय घेत सुटतात. देवलांनी पात्रांना फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती, भादव्या अशी महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देऊन सगळे पंचांगच रंगभूमीवर आणले. हौशी मंडळींच्या दृष्टीने या नाटकाचे गुण रोकडे आहेत. राजवाडे नकोत, रथ नकोत, सिंहासन नको. साधे दिवाणखाने, एक रस्ता आणि एक तसबीर पुरते. विनोद शब्दांत कमी आणि प्रसंगांत अधिक, त्यामुळे एखादा नट वाक्य विसरला तरी हशा चुकत नाही. पदे गोड आणि बेताची. आलापी कमी झाली तरी गोष्ट अडत नाही.

येथे क्षणभर समुद्रापलीकडे पाहू, म्हणजे आपल्या घरातली गोष्ट अधिक स्पष्ट दिसेल. पुण्यात ‘सौभद्र’ प्रथम झाले त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, २५ नोव्हेंबर १८८२ रोजी, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीची ‘आयोलांथी’ ही विनोदी संगीतिका प्रथम झाली. शब्द गिल्बर्टचे, संगीत सलिव्हनचे. तिच्यात पऱ्या आहेत आणि विलायतेच्या वरिष्ठ सभागृहातले लॉर्ड आहेत, आणि दोघेही अगदी सामान्य माणसांसारखे फजीत होतात. पुण्याला लंडनची खबर नव्हती, लंडनला पुण्याची नव्हती. पण देवादिकांना घरात आणून गात गात हसावे ही बुद्धी दोन्हीकडे एकाच आठवड्यात रंगभूमीवर दिसली. या संगीतिकांचे धंदेवाईक प्रयोग करण्याचा हक्क इंग्लंडात १९६१ अखेरपर्यंत डॉयली कार्ट या एकाच मंडळीकडे होता. हौशी मंडळ्यांना मात्र परवानगी घेऊन त्या करता येत, आणि गावोगाव त्या होतही असत. १९८२ साली ती मूळ मंडळी बंद पडली. संगीतिका बंद पडल्या नाहीत. १९९४ पासून डर्बीशायरमधील बक्स्टन या थंड हवेच्या गावी तेथील जुन्या ऑपेरागृहात त्यांचा उत्सव भरू लागला. देशोदेशींच्या हौशी मंडळ्या तेथे येऊन प्रयोग करू लागल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे आपली उन्हाळी सुटी त्यासाठी खर्च करू लागली. पुढे यॉर्कशायरमधील हॅरोगेट येथेही हा उत्सव भरला. हे ऐकून आपणांस कौतुक वाटते. ते वाटावे, पण अशीच सुटी आपली माणसे त्यापूर्वी कित्येक वर्षे काढीत आली आहेत. फरक इतकाच की तेथे तिकीट काढून नाटकाचा उत्सव करतात, येथे देवाच्या उत्सवात नाटक करतात.

आता तो उत्सव पाहू. रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत ग्रामदैवताचा किंवा कुळस्वामीचा तीनपाच दिवसांचा उत्सव असतो. सकाळी पूजा, दुपारी प्रसादाचे जेवण, संध्याकाळी पालखी, रात्री आरत्या, भोवत्या आणि कीर्तन. आणि एक रात्र नाटकाची. गोव्यात जत्रेला आणि काल्याला तसेच. देवाची पालखी फिरते, पावणी होते, आणि उत्तररात्री गावच्या मंडळींचे नाटक उभे राहते. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथल्या जत्रा माघात येतात. शाळांना तेव्हा सुटी नसते. म्हणून मुंबई-ठाण्यातला गोवेकर आपली हक्काची रजा माघासाठी राखून ठेवी. गोव्यात या नाटकाला आणखी एक अर्थ होता. पोर्तुगीज अमलात हिंदूंवर पिढ्यान्‌पिढ्या बंधने होती. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि ती सैल झाली. त्यानंतर १९६१ च्या मुक्तीपर्यंत मराठी भाषा जाहीरपणे ऐकण्याची आणि बोलण्याची मोठी जागा म्हणजे देवळापुढचे नाटक हीच होती. तेथे ‘सौभद्र’ करणे ही करमणूक होती, आणि आपण कोण आहोत हे सांगणेही होते.

या सर्वांत रजेचे महत्त्व किती, हे आज सहज ध्यानात येणार नाही. रजा ही पूर्वी मालकाच्या मर्जीची गोष्ट होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराला वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क मिळाला. त्याच वर्षी १ जून रोजी पुण्याहून अहमदनगरला एस. टी. ची पहिली गाडी सुटली. हे दोन प्रसंग नाट्येतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाहीत. पण माझ्या मते ते तेथे असावयास हवेत. त्यापूर्वी कोकणचा माणूस भाऊच्या धक्क्यावरून बोटीने दाभोळ, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले असा जाई. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून गणपतीला जाणे अवघड. एस. टी. मुळे किनाऱ्यापासून आत असलेली गावे शहराला जोडली गेली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याचा आरंभ आपल्या वागळे इस्टेटीत झाला, आणि कोकणातली माणसे ठाण्याच्या कारखान्यांत आली. कारखाना वागळे इस्टेटीत, मोटारतळ खोपटला, आणि हातात भरपगारी रजा. या तिघांच्या जुळणीतून चाकरमान्याची उत्सववारी पक्की झाली.

पण हा चाकरमानी गावी जाऊन केवळ नाटक पाही, असे समजू नका. पुष्कळ गावांत तो ते नाटक करी. गावच्या मुंबईकर मंडळाच्या बैठका परळ-लालबागच्या चाळींत, दादर-गिरगावच्या खोल्यांत होत. पुढे ठाणे-डोंबिवलीच्या चाळींत होऊ लागल्या. नाटक ठरे, भूमिका वाटल्या जात, प्रत्येकाने आपल्या नकला हाताने उतरून घ्यावयाच्या. ज्याच्या घरी बाजाची पेटी त्याच्या घरी तालीम. दिवसभर यंत्रापुढे किंवा खतावणीपुढे बसलेला माणूस रात्री नऊ वाजता अश्विनशेट होई. घरातली मुले अभ्यासाचे पुस्तक उघडे ठेवून कान तिकडे देत, आणि महिन्याभरात त्यांना सगळ्यांची वाक्ये पाठ होत. घरच्या बाईला तर नाटकाची ओळ न् ओळ येई. प्रॉम्प्टर विसरेल पण ती विसरणार नाही.

इकडे गावी राहिलेली मंडळी मांडवाच्या कामाला लागत. झापांचा मांडव, पोफळीचे वासे, तक्तपोसांचे किंवा मातीचे स्टेज, कोणाच्या तरी घरून आणलेली सतरंजी, आणि वीज येण्यापूर्वी गॅसबत्त्या. पडदे आणि ड्रेपरी भाड्याने. वर्गणी ठरलेली, आणि विशेष म्हणजे काम करणाऱ्या नटाला पैसे मिळत नाहीत, त्यालाच पदरचे घालावे लागतात. प्रेक्षकाला तिकीट नाही. म्हणजे व्यवहाराच्या दृष्टीने सगळेच उलटे. मंडळ्यांचे नाटक बुडाले ते खर्च आणि उत्पन्न यांचा मेळ बसेना म्हणून; उत्सवाच्या नाटकाला उत्पन्नच नव्हते, त्यामुळे तो मेळ बसविण्याचा प्रश्नच आला नाही. प्रयोग पहाटेपर्यंत चाले. मुले आईच्या मांडीवर झोपत, विनोदी प्रवेशाला कोणीतरी त्यांना जागे करी, आणि हसून झाले की ती पुन्हा झोपत. अशी पाचसहा वर्षे गेली की त्या मुलाला नाटक येई. कोणी शिकविले असे त्याला सांगता येत नसे.

या शाळेतून काय निघाले ते आपल्यापुढे आहे. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, ज्योत्स्नाबाई भोळे बांदिवड्याच्या; देवळातली आरती, कीर्तन आणि नाटक जेथे एकाच मांडवात नांदत, त्या मातीतली ही माणसे. मुंबईत १९१९ साली स्थापन झालेल्या गोवा हिंदु असोसिएशनने पुढे कला विभाग चालविला. १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आणि १९६६ साली ‘लेकुरे उदंड झाली’ या संस्थेने रंगभूमीवर आणले. दोन्हींचे लेखक कानेटकर आणि संगीत अभिषेकींचे. यांतले दुसरे तर उघड विनोदी संगीत नाटक, आजच्या घरातले. दरम्यान १९५४ साली तेव्हाच्या मुंबई राज्य सरकारने नाट्यस्पर्धा सुरू केली आणि हौशी मंडळ्यांना शहराचे व्यासपीठ मिळाले. महाराष्ट्र राज्याच्या स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग चालत आला आहे, आणि रत्नागिरी-सांगलीकडच्या हौशी संस्था त्यात उत्साहाने उतरतात. सरकारने रोप लावले असे आपण म्हणतो. वास्तविक रोप उत्सवाने वाढविले होते, सरकारने त्याला कुंपण घातले.

एवढे गोडवे गाऊन थांबलो तर ते इतिहासाला धरून होणार नाही. हा मांडव सर्वांचा नव्हता. देवळाचा उत्सव म्हटला की मान आले, मानकरी आले. कोणी रंगमंचावर चढावे आणि कोणी दुरून पाहावे हे जातीने ठरे. बायकांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. पाठांतर त्यांचे, पण रेवती, कृत्तिका आणि सुभद्रा व्हायचे मिशी काढलेल्या पुरुषांनी. शहरात १९३३ साली नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ केले तेव्हा स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. १९४२ साली रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ने ज्योत्स्नाबाईंच्या रूपाने गाणारी नायिका घराघरांत पोहोचविली. गावच्या मांडवात हे पाऊल पडावयास पुष्कळ उशीर लागला. आणि गोव्यात ज्या कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांनी देवळापुढे पिढ्यान्‌पिढ्या गाणे जतन केले, त्यांचे गाणे गावाने घेतले, मान मात्र फार उशिरा दिला. रेवतीची भूमिका गंमतीची खरी. पण तिच्याशी लग्न करावयाचे की नाही हा अश्विनशेटच्या नाटकातला प्रश्न त्या मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या काही बायकांना गंमतीचा वाटला नसेल.

या सगळ्या खटाटोपाकडे हसत पाहणारे नाटकही आपल्याकडे झाले, आणि तेही या मातीतल्याच माणसाचे. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोलीत रंगभूमीवर आणले. गावच्या मंडळींनी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक काढले आहे, आणि त्या नाटकाचेच वस्त्रहरण होते, एवढीच त्याची कथा. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच पाहून मुंबईठाण्याचा प्रेक्षक इतका का हसला? तो परक्याला हसत नव्हता. तो आपल्या मामाला, आपल्या शेजाऱ्याला आणि बहुधा स्वतःला हसत होता. पुढे २०१६ साली आपल्या ठाण्यात ९६ वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्ष गवाणकरच होते. उत्सवाच्या मांडवाला संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, असे मी त्याकडे पाहतो.

आज काय स्थिती आहे? नाटकाची रात्र संपलेली नाही. कोकणात ती आहे, गोव्यात तर चांगली भरात आहे, आणि आता मुली व बाया नुसत्या भूमिका करीत नाहीत, संपूर्ण नाटके त्या स्वतः उभी करतात. पण एक बदल असा आहे की जो दिसत नाही, म्हणून सांगितला पाहिजे. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, गाव जवळ आले. आणि गाव जवळ आल्यामुळेच मुक्काम आखडला. पूर्वी जाणे कष्टाचे होते म्हणून माणूस आठपंधरा दिवस राही. आता शनिवारी जाऊन सोमवारी कामावर परतता येते. दोन दिवसांच्या पाहुण्याला नाटक पाहता येते, करता येत नाही. मग गायची भूमिका बाहेरच्या गायकाकडे जाते, पेटी आणि तबला बिदागीवर येतो, उरलेल्या भूमिका गावी असलेल्या दोनचार कसलेल्या माणसांवर पडतात; आणि त्यांच्यानंतर कोण, याला उत्तर नसते. प्रयोग कदाचित पूर्वीपेक्षा चांगला होतो. परंतु ज्या मुलाच्या घरी तालीम झाली नाही, त्याला तो प्रयोग दूरदर्शनच्या पडद्यावरील कार्यक्रमाहून वेगळा वाटत नाही. आणि मग ते मूल विचारते, की येथे एवढ्या लांब कशासाठी यावयाचे?

हा प्रश्न साधा नाही. संगीत नाटकाचे पुढे काय, याची चर्चा आपण थिएटरे, अनुदाने आणि मोठे गायक यांच्याभोवती करतो. ठाण्यात १९७८ पासून गडकरी रंगायतन आहे, नंतर घाणेकर नाट्यगृह झाले, कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला फुले कलामंदिर आहे. नाट्यगृहांची वाण नाही. वाण आहे ती खोलीची, जिच्यात पेटी ठेवून दहा माणसे महिनाभर बसतील. आणि त्या खोलीत लुडबुडणाऱ्या मुलांची. नाटक मंडळ्या मोडल्या तेव्हा हे नाटक वाचले, कारण त्याचे दुसरे घर होते. हे दुसरे घर मोडले तर तिसरे कोठे आहे, हे मला दिसत नाही.

म्हणून इतिहासाचा अभ्यासक या नात्याने नव्हे, तर या शहराचा एक नागरिक म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. मुक्काम आखडला ही वस्तुस्थिती आहे. तिच्यावर रागावून उपयोग नाही. पण तालीम गावी व्हावी असा नियम पूर्वीही नव्हता. ती शहरातच होत असे. ती पुन्हा येथे होऊ शकेल. गावच्या उत्सवाला जाणारी ठाण्यातली, कळव्यातली, डोंबिवलीतली पाचसात कुटुंबे महिनाभर आधी दर रविवारी एकत्र बसली, ‘संशयकल्लोळ’चा सगळा पसारा नव्हे, एकच अंक घेतला, भादव्या एखाद्या शाळकरी मुलाला दिला आणि कृत्तिका त्याच्या आईला, तर दोन दिवसांच्या मुक्कामातही ते मांडवात उभे राहतील. गावातल्या ज्यांना पूर्वी मांडवाबाहेर उभे केले होते, त्यांच्या घरातला एखादा गळा आवर्जून आत बोलवावा. तेवढ्याने जुने देणे फिटणार नाही, पण देणे आहे हे कबूल केल्यासारखे होईल. गाणे थोडे बेसूर होईल, पडदा अडकेल, एखादा फाल्गुनराव वाक्य विसरेल. विसरू द्या. उत्सवाचे नाटक आजवर सुरांच्या निर्दोषपणावर चाललेले नाही. गाणारा आणि ऐकणारा एकाच घरचे असतात, एवढ्यावर ते चालत आले आहे. खोपटहून कोकणात जाणारी गाडी अजून सुटते. तिच्यात नाटक बसवून न्यावयाचे की नाही, हे ठरविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.